चार इंजिनांना मागे टाकणारी दोन इंजिनं : मॉस्किटो बाँबरच्या वेगाचं प्रकरण

1942 साली ब्रिटिश हवाई दलाच्या ताफ्यात दोन नवी बाँबफेकी विमानं मोहिमांवर जाऊ लागली. दोन्हींत रोल्स-रॉईसची मर्लिन इंजिनं होती, एकाच घराण्यातली आणि साधारण सारख्याच ताकदीची. लँकेस्टरला अशी चार इंजिनं होती आणि त्याचा कमाल वेग ताशी सुमारे 280 मैल होता. मॉस्किटोला दोनच होती, आणि त्याचा कमाल वेग ताशी सुमारे 380 मैल, म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वर.

विमानाच्या वेगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न इंजिन किती अश्वशक्तीचं, हाच येतो. इथे तो प्रश्न अडखळतो. अर्धी इंजिनं असलेलं विमान शंभर मैलांनी पुढे आहे. हे शंभर मैल कुठून आले, याचा शोध घेण्यासाठी मला मॉस्किटोइतकं चांगलं दुसरं प्रकरण माहीत नाही. त्याच्या जन्माच्या वेळी वेगाचा प्रत्येक घटक सुटा करून, मोजून, भांडून ठरवला गेला होता.

डिसेंबर 1939

त्या काळच्या बाँबरची कल्पना ठरलेली होती. विमान मोठं असावं, त्याच्या नाकावर, पाठीवर, शेपटीवर टरेट असावेत. टरेट म्हणजे मशीनगन बसवलेले फिरते घुमट. अशी विमानं दाटीने एकत्र उडाली की एकमेकांचं रक्षण करतील आणि शत्रूच्या लढाऊ विमानांना जवळ येऊ देणार नाहीत, असा भरवसा होता.

लंडनच्या उत्तरेला हॅटफील्ड इथे कारखाना असलेल्या जेफ्री डी हॅविलँड यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. त्यांच्या कंपनीने 1934 मध्ये लंडन ते मेलबर्न ही हवाई शर्यत जिंकणारं कॉमेट हे लाकडी विमान बनवलं होतं. त्यानंतरच्या अल्बाट्रॉस या प्रवासी विमानात प्लायवूड, बाल्सा नावाचं हलकं लाकूड, पुन्हा प्लायवूड असे थर चिकटवून केलेलं कवच वापरून झालं होतं. त्यांचं म्हणणं असं : टरेट काढा, तोफची काढा, बंदुका आणि काडतुसं काढा. त्यांच्यासाठी लागणारं मोठं धड, त्या धडासाठी लागणारे मोठे पंख आणि त्या सगळ्यासाठी लागणारं जादा इंधन मग आपोआप गळेल. उरेल ते विमान इतकं लहान आणि वेगवान असेल की त्याला गाठणंच अवघड जाईल. माणसं फक्त दोन, वैमानिक आणि दिशादर्शक, शेजारी शेजारी बसलेले.

हवाई मंत्रालयात बहुतेकांना हे पटलं नाही. एअर मार्शल सर विल्फ्रिड फ्रीमन यांना पटलं. पुढे काही जण या विमानाला ‘फ्रीमनचा वेडेपणा’ म्हणत. 12 डिसेंबर 1939 च्या बैठकीत बाँबर कमांडच्या प्रमुखांनी निःशस्त्र बाँबर स्वीकारायला नकार दिला. फार तर टेहळणीची छायाचित्रं काढायला चालेल, असं त्यांचं मत होतं.

पुढच्या सहा दिवसांत जे घडलं त्याचा या निर्णयाशी थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही, पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. 18 डिसेंबरला 22 वेलिंग्टन बाँबर दिवसाउजेडी जर्मनीच्या हेलिगोलँड उपसागरावर गेले. टरेट होते, दाटीची रचना होती, सगळं ठरल्याप्रमाणे होतं. त्यांतले बारा नष्ट झाले. 29 डिसेंबरला हॅटफील्डमध्ये मॉस्किटोची लाकडी प्रतिकृती अधिकाऱ्यांनी पाहिली, प्रकल्पाला पाठिंबा मिळाला, आणि 1 मार्च 1940 ला पन्नास विमानांचं कंत्राट झालं.

घनाचा नियम

आता गणिताकडे. विमान सरळ, एका पातळीवर, पूर्ण जोर लावून उडत असताना एका क्षणी त्याचा वेग वाढायचा थांबतो. प्रोपेलरची ओढ आणि हवेचा रोध त्या क्षणी समसमान झालेले असतात. तोच कमाल वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर रोध चौपट. त्या रोधावर मात करत त्याच वेगाने पुढे जायला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते.

लँकेस्टरला हा नियम लावून पाहू. त्याचा आकार तसाच ठेवून, उंचीही तीच ठेवून, 280 वरून 380 मैलांवर जायचं असेल तर वेग 1.36 पट वाढवायचा आहे. 1.36 चा घन अडीच. म्हणजे अडीचपट शक्ती : चार मर्लिनच्या जागी दहा. ही दहा इंजिनं बसवायला आणखी मोठे पंख लागतील, त्यांना आणखी रोध होईल, आणि दहाही पुरणार नाहीत.

उलट बाजूने पाहिलं तर आणखी काही कळतं. मॉस्किटो निम्म्या शक्तीत 1.36 पट वेग गाठतं, तेव्हा ढोबळमानाने त्याचा रोध देणारा आकार लँकेस्टरच्या एक पंचमांश असला पाहिजे. दोन्ही विमानं आपापला कमाल वेग वेगवेगळ्या उंचीवर गाठत. मॉस्किटो जास्त विरळ हवेत उडे, आणि तेवढी सूट त्याला द्यायला हवी. ती दिली की माझ्या हिशेबाने फरक चारपटीच्या आसपास येतो. आता पंखांचं क्षेत्रफळ बघा. लँकेस्टरचं सुमारे 1,300 चौरस फूट, मॉस्किटोचं सुमारे 450. इथला फरक तीनपटीपेक्षा थोडा कमी आहे. म्हणजे चारपटीतला बराचसा भाग नुसता ‘लहान असण्याचा’ आहे. उरलेला भाग गुळगुळीतपणाचा, बाहेर आलेल्या वस्तू नसण्याचा आणि इंजिन थंड करायच्या हुशारीचा. हा कागदावरचा अंदाज आहे, चाचणीतलं मोजमाप नाही. पण वेगाचे शंभर मैल कोणत्या वाटेने आले याची दिशा तो नीट दाखवतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टरेट काढलं की विमान हलकं होतं आणि म्हणून वेगाने जातं, असं सर्रास सांगितलं जातं. वजनाचा परिणाम मुख्यतः विमान किती झपाट्याने वर चढतं, किती उंच जाऊ शकतं आणि किती लांबच्या धावपट्टीवर सुटतं यावर होतो. सरळ उड्डाणातल्या कमाल वेगावर त्याचा परिणाम त्यामानाने थोडा असतो, आणि तोही खूप उंचावर जास्त जाणवतो, कारण विरळ हवेत तेवढंच वजन पेलायला पंखाला जास्त कोनात उभं राहावं लागतं. टरेटची खरी किंमत त्याच्या आकारात आहे. वाहत्या हवेत मध्येच उभा राहिलेला काचेचा घुमट, त्यातून बाहेर आलेल्या नळ्या, आणि घुमट फिरवता यावा म्हणून ठेवलेल्या फटी हवेला फोडतात, भोवरे उठवतात, आणि ते भोवरे मागच्या अख्ख्या धडाला छळतात. बंदुका शेजारच्या खोलीत ठेवता आल्या असत्या तर त्यांच्या वजनाने वेग फारसा बिघडला नसता.

हॅटफील्डमध्ये जागेची काटकसर किती टोकाला नेली होती हे बाँबच्या शेपटीवरून कळतं. मूळ आराखड्यात मॉस्किटोच्या पोटात 250 पौंडांचे चार बाँब मावत. 500 पौंडांचे बसत नव्हते, कारण त्यांचे शेपटीचे पंख लांब होते. दुसऱ्या एखाद्या प्रकल्पात पोट फुगवलं असतं. इथे बाँबचे पंख आखूड केले. आखूड पंखांचा बाँबही हवेत सरळ पडतो हे चाचणीत दिसलं, आणि विमानाची एक इंचही रेषा न बदलता भार दुप्पट झाला.

इंजिन थंड करण्याची हुशारी

मर्लिन हे पाण्याने थंड होणारं इंजिन. त्याला रेडिएटर लागतो, आणि रेडिएटर म्हणजे हवेच्या तोंडावर धरलेली जाळी. लढाऊ विमानांत तो पंखाखाली किंवा पोटाखाली पेटीसारखा लोंबत असे. मॉस्किटोत तो पंखाच्या आतच बसवला, धड आणि इंजिन यांच्या मधल्या भागात, पंखाची पुढची कड थोडी पुढे काढून. हवा कडेवरच्या फटीतून आत शिरते, मार्ग रुंदावल्यामुळे मंदावते, जाळीतून सावकाश जाते, तापते, प्रसरण पावते आणि पंखाखालच्या झडपेतून वेगाने मागे फेकली जाते.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तापलेली हवा मागे फेकली गेली की पुढे थोडा रेटा मिळतो. फार्नबरो इथल्या सरकारी संशोधन संस्थेतल्या मेरेडिथ यांनी 1935 च्या सुमारास हे गणिताने मांडलं होतं. नीट आखलेल्या मार्गात रेडिएटरमुळे होणाऱ्या रोधाचा बराच भाग त्याच्याच उष्णतेने फेडता येतो. जी उष्णता नुसती वाया जायची ती इथे कामाला लागली. मला हा तुकडा मॉस्किटोच्या सगळ्या रचनेत सर्वांत देखणा वाटतो. तो बाहेरून दिसतही नाही. पंखाच्या कडेवरची एक लांबट फट, एवढंच.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचंही तसंच. प्रत्येक सिलिंडरचा धूर आखूड नळीतून थेट मागे सोडला तर त्यालाही रेटा असतो. पण रात्री त्या नळ्यांच्या ज्वाळा दुरून दिसतात. त्या झाकायला आवरण घातलं की रेटा जातो आणि आवरणाचा रोध वाढतो. उघड्या नळ्या आणि झाकलेल्या नळ्या यांत मॉस्किटोच्या चाचण्यांमध्ये ताशी दहा मैलांच्या आसपास फरक पडला. रात्री न दिसणं आणि रात्री पळता येणं यांत निवड करावी लागे.

लाकडाची कातडी

मॉस्किटो लाकडाचं का, याचं नेहमीचं उत्तर युद्धातली ॲल्युमिनियमची टंचाई हे आहे. ते खरं आहे. फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यांतले सुतार कामाला लावता आले हेही खरं. पण वेगाच्या दृष्टीने लाकडाचा एक वेगळाच फायदा होता. धातूचं विमान पत्र्याचे तुकडे रिव्हेटांनी जोडून बनतं. हजारो रिव्हेटांची डोकी, पत्र्यावर पत्रा चढलेल्या कडा, दोन रिव्हेटांच्या मध्ये बारीक फुगलेला पत्रा. पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर अशा प्रत्येक खडबडीवर बिघडतो.

मॉस्किटोचं धड उभं चिरलेल्या शेंगेसारखं दोन अर्ध्या भागांत, साच्यावर, बर्चचं प्लायवूड आणि मधे इक्वाडोरहून आलेला बाल्सा असे थर चिकटवून बनत असे. अर्धे भाग उघडे असतानाच आतल्या तारा आणि नळ्या बसवायच्या, मग दोन्ही अर्धे जोडायचे. पंखांच्या तुळया स्प्रूसच्या. वर एक तलम सुती कापड ताणून, त्यावर डोप नावाचं घट्ट होणारं लुकण लावून, घासून रंग दिला जाई. या कापडाचं नाव मदापोलम. आपल्याकडच्या मांजरपाटाच्या जातीचं, पण जास्त तलम. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या एका गावावरून आलं आहे, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळते त्या मुलखातलं हे गाव. बर्लिनवर गेलेल्या विमानांच्या अंगावर त्या गावाच्या नावाचं कापड होतं.

असा पृष्ठभाग मिळवायला मेहनत लागते आणि घालवायला एक रंगाचा डबा पुरतो. रात्रीच्या मोहिमांसाठी ब्रिटिशांनी एक काजळीसारखा, खरखरीत, अजिबात न चमकणारा काळा रंग काढला होता. शोधझोतात विमान दिसू नये हा हेतू. तो मॉस्किटोच्या रात्रीच्या लढाऊ आवृत्तीला लावला तेव्हा वेग ताशी दहा मैलांहून अधिक घटला, आणि पुढे तो रंग सोडून गुळगुळीत रंगाकडे वळावं लागलं. त्याच काळात हॅलिफॅक्स या चार इंजिनांच्या बाँबरचीही तीच गत झाली होती. धूर झाकणारी आवरणं, जाड रंग, एकामागून एक बसवलेले टरेट, यांनी तो इतका मंदावला की शेवटी नाकावरचं टरेटच काढून तिथे साधं निमुळतं आच्छादन बसवलं गेलं.

लाकडाची किंमत मात्र हिंदुस्थानात मोजावी लागली. 1944 मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी मॉस्किटोच्या तुकड्या इथे आल्या. बंगळूरजवळच्या येलहंका तळावर वैमानिकांना या विमानाची सवय करून दिली जात होती. त्या वर्षी काही विमानं हवेतच मोडली, पंखाचे सांधे सुटून. नोव्हेंबरमध्ये सगळी मॉस्किटो तपासणीसाठी जमिनीवर ठेवण्यात आली. सुरुवातीच्या विमानांत वापरलेला केसीनचा सरस दुधातल्या प्रथिनापासून बनत असे; दमट हवेत तो टिकत नाही आणि त्याला बुरशी लागते. म्हणून सगळ्यांनी पावसाळ्याकडे बोट दाखवलं. तपासात मात्र निव्वळ हवामान दोषी निघालं नाही. पंखाचं वरचं आवरण आणि मुख्य तुळई यांच्या सांध्यांत कारखान्यातूनच फटी राहिल्या होत्या. सरस तिथे नीट भिडलाच नव्हता. सांध्यावर प्लायवूडची पट्टी चढवण्याचा उपाय करण्यात आला. इंग्लंडच्या हवेत झाकून राहिलेली चूक इथल्या पावसाळ्याने उघडी केली, असा माझा या घटनेचा अर्थ आहे.

वेग कुठल्या उंचीवरचा?

विमानाचा कमाल वेग उंचीशिवाय सांगितला तर त्या आकड्याला अर्थ नाही. 22,000 फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्या घनतेची असते. रोधही त्याच प्रमाणात कमी. म्हणजे इंजिन तेवढीच शक्ती देत राहिलं तर उंचावर विमान जास्त वेगाने जाईल. अडचण अशी की इंजिनालाही श्वास घ्यायला तीच विरळ हवा मिळते आणि त्याची शक्ती घसरते. यावर उपाय सुपरचार्जर : हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारा पंखा. एका ठरावीक उंचीपर्यंत तो इंजिनाची शक्ती टिकवतो, त्यानंतर त्याचंही बळ संपतं. त्या वळणबिंदूच्या उंचीवर विमानाला कमाल वेग मिळतो.

सुरुवातीच्या मॉस्किटोतल्या मर्लिन 21 ला एक टप्प्याचा, दोन गतींचा सुपरचार्जर होता. खाली हळू फिरवायचा, वर गेलं की गिअर बदलून वेगाने. पुढे मर्लिनच्या साठाच्या मालिकेत दोन टप्पे आले. एकाने दाबलेली हवा दुसऱ्याने आणखी दाबायची आणि मध्ये ती थंड करून घ्यायची, कारण दाबली की हवा तापते आणि तापलेली हवा कमी भरते. रोल्स-रॉईसमध्ये या कामामागे स्टॅनले हुकर हे गणितज्ञ होते. मॉस्किटोचा पहिला नमुना, डब्ल्यू 4050, हा मर्लिन 21 वर ताशी 390 मैलांच्या आसपास गेला होता. त्याच सांगाड्यावर 1942 मध्ये दोन टप्प्यांची मर्लिन बसवल्यावर तो 28,000 फुटांच्या पुढे, ताशी 425 मैलांच्या वर गेला. लाकूड तेच, आकार तोच. आधी रोध कमी केलेला असल्यामुळे नव्या शक्तीचं चीज झालं. हीच इंजिनं एखाद्या टरेटांनी लादलेल्या विमानाला दिली असती तर एवढा लाभ दिसला नसता.

पहिल्या नमुन्याची कहाणी

25 नोव्हेंबर 1940 ला जेफ्री डी हॅविलँड यांच्या मुलाने, त्यांचंही नाव जेफ्रीच, पिवळ्या रंगात रंगवलेलं डब्ल्यू 4050 हॅटफील्डहून पहिल्यांदा उडवलं. आराखडा बिशप यांच्या हाताखालच्या चमूने लंडन कॉलनीजवळच्या सॅलिसबरी हॉल या जुन्या वाड्यात केला होता. वायुगतीची बाजू क्लार्कसन यांच्याकडे होती. मधल्या काळात डंकर्कच्या माघारीनंतर सरकारने फक्त तातडीच्या पाच विमानांवर जोर द्यायचं ठरवल्यामुळे हा प्रकल्प बंद पडता पडता वाचला होता. 3 ऑक्टोबर 1940 ला एका जर्मन विमानाने हॅटफील्डवर टाकलेल्या बाँबनी 21 कामगार मारले गेले आणि मॉस्किटोसाठी तयार होत असलेलं बहुतेक साहित्य जळालं.

उडालं, पण वेग वाढवला की शेपटी थरथरू लागे. इंजिनांभोवतीची कवचं, म्हणजे नॅसेल, पंखाच्या मागच्या कडेपाशी अचानक संपत होती. हवा तिथे पंखाला सोडून भोवरे करत होती आणि ते शेपटीवर आदळत होते. फटी पाडून, निमुळते तुकडे चिकटवून पाहिलं. शेवटी नॅसेलच लांब करून पंखाच्या मागे काढली आणि थरथर गेली. त्यासाठी पंखाच्या झडपा मध्ये तोडून दोन भागांत कराव्या लागल्या. विमानाचा रोध एकेका तुकड्याच्या रोधाची नुसती बेरीज नसतो, हे इथे दिसतं. पंख चांगला, नॅसेल चांगली, पण दोघांचा सांधा वाईट, तर वेग सांध्यात अडकतो.

जानेवारी 1941 मध्ये 6,000 फुटांवर या विमानाने स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला मागे टाकलं. फेब्रुवारीत ते बॉसकोम डाउनच्या सरकारी चाचणी केंद्रात गेलं. तिथे 24 तारखेला शेपटीचं चाक अडकून धडालाच तडा गेला; दुसऱ्या नमुन्याचं धड आणून बसवलं आणि चाचण्या पुढे सुरू झाल्या. आकडे आले तेव्हा बाँबरचा वेग त्या काळच्या स्पिटफायर मार्क दोनपेक्षा जास्त होता. इंजिनं दुप्पट, पण पंखांचं क्षेत्रफळ स्पिटफायरच्या दुपटीहून कमी, हे लक्षात घेतलं तर त्यात अघटित काही नाही.

टरेटचा आग्रह मात्र इतक्यावर सुटला नाही. लढाऊ आवृत्तीच्या दोन नमुन्यांच्या पाठीवर टरेट बसवून 1941 च्या उत्तरार्धात ते उडवले गेले. वेग इतका गेला की टरेट उतरवून दोन्ही विमानं दुसऱ्या कामाला लावली.

पाठलागाचं गणित

सप्टेंबर 1941 मध्ये टेहळणीच्या मॉस्किटोने फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहिली फेरी केली. विजेत बिघाड होऊन कॅमेरे बंद पडले, पण मागे लागलेल्या तीन जर्मन लढाऊ विमानांना, मेसरश्मिट 109 ना, ते गाठता आलं नाही. त्याच सुमारास जर्मनांचं फॉके-वुल्फ 190 मैदानात आलं, आणि कागदावरचा फरक जवळजवळ मिटला. 25 सप्टेंबर 1942 ला ऑस्लोतल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, मुख्यालयावर चार मॉस्किटो खालून, जमिनीलगत गेले. फॉके-वुल्फनी त्यांना गाठलं आणि एक मॉस्किटो पाडलं. खालच्या उंचीवर मॉस्किटोचा वरचढपणा फार नव्हता.

मग ते टिकलं कसं? उत्तर कमाल वेगात कमी आणि वेळेत जास्त आहे. कमाल वेगाने कुठलंही विमान काही मिनिटंच उडतं. इंजिन तापतं, इंधन झपाट्याने संपतं. मोहिमेवर महत्त्वाचा असतो टिकून राहणारा वेग. मॉस्किटो 25,000 फुटांवर ताशी 330 मैलांनी येत आहे असं धरा. ते दिसलं, खबर गेली, वैमानिक धावले, विमान सुटलं आणि तेवढ्या उंचीवर चढलं, यात पंधरा मिनिटं गेली तर मॉस्किटो 80 मैल पुढे गेलेलं असतं. आता पाठलाग करणाऱ्याचा वेग तीस मैलांनी जास्त असला तरी हे अंतर कापायला त्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढं इंधन त्याच्याकडे नसतं. त्याला मॉस्किटोच्या वाटेवर आधीच उंचावर हजर राहावं लागतं.

30 जानेवारी 1943 ला, नाझी सत्तेच्या दहाव्या वर्धापनदिनी, तीन मॉस्किटो भर सकाळी बर्लिनवर पोचले, जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचं रेडिओवरचं भाषण सुरू व्हायच्या वेळी. दुपारी प्रचारमंत्री गोबेल्सच्या भाषणाच्या वेळी आणखी तीन आले. त्यांतलं एक परतलं नाही. पुढे रात्रीच्या फेऱ्यांत बाँबर कमांडच्या मॉस्किटोंचं नुकसान शंभर उड्डाणांमागे एका विमानाहून कमी राहिलं. पोट फुगवलेल्या नंतरच्या आवृत्त्या 4,000 पौंडांचा एकच बाँब घेऊन बर्लिनपर्यंत जात.

तुलना न्याय्य ठेवायची तर हेही सांगायला हवं की लँकेस्टर 14,000 पौंडांपर्यंत भार नेत असे. मॉस्किटो त्याची जागा सगळीकडे घेऊ शकत नव्हतं. प्रश्न वेगळा होता : लँकेस्टरला थोडंसं मॉस्किटोसारखं करता आलं असतं का?

लँकेस्टरचे टरेट

1943 च्या उन्हाळ्यात फ्रीमन डायसन नावाचा एकोणीस वर्षांचा गणिती बाँबर कमांडच्या संशोधन विभागात रुजू झाला. पुढे तो जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झाला. बाँबरचं नुकसान कशाने होतं याची आकडेवारी तपासणं हे त्याचं काम. तो आणि त्याचा एक सहकारी एका निष्कर्षावर आले : लँकेस्टरचे टरेट काढून टाकावेत, भोकं गुळगुळीत झाकावीत. त्यांच्या अंदाजाने वेग ताशी 50 मैलांपर्यंत वाढला असता. आणि विमान पडलंच तर त्यात सातऐवजी पाच माणसं गेली असती.

घनाचा नियम इथे पुन्हा आठवावा. इंजिनांची शक्ती तेवढीच ठेवून 280 चे 330 करायचे तर रोध चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी व्हायला हवा. माझ्या मते नुसते टरेट काढून एवढं साधणं कठीण होतं. अंदाज थोडा आशावादी असावा. पण पन्नासऐवजी पंचवीस मैल मिळाले असते तरी रात्रीच्या पाठलागात ते मोठे होते, कारण जर्मनांची रात्रीची लढाऊ विमानं अँटेना आणि जड शस्त्रांनी लादलेली होती आणि लँकेस्टरच्या मानाने त्यांचा वरचढपणा अमर्याद नव्हता. शिवाय 1943 पासून ती बाँबरच्या खालून येत, वर तिरप्या बसवलेल्या तोफांनी मारत. लँकेस्टरच्या कुठल्याही टरेटला तो कोपरा दिसत नव्हता.

सूचना वर गेली नाही. टरेट हे वैमानिकांच्या मनोधैर्यासाठी आवश्यक आहेत, तोफची आपल्या साथीदारांचं रक्षण करतो, ही भावना तिच्या आड आली. त्या भावनेला मी क्षुल्लक म्हणणार नाही. सात तास अंधारात उडणाऱ्या माणसाला मागे कुणी जागं आहे हे कळण्याची गरज असते, आणि शेपटीचा तोफची ‘वळ’ म्हणून ओरडला म्हणून वाचलेली विमानंही होती. पण बाँबर कमांडचे 55,573 जवान या युद्धात मेले, आणि लँकेस्टरमध्ये ते सातासातांनी गेले.

मार्च 1945 मध्ये 617 क्रमांकाच्या तुकडीला 22,000 पौंडांचा ग्रँड स्लॅम बाँब मिळाला. तो पेलता यावा म्हणून तिच्या काही लँकेस्टरांचं नाकावरचं आणि पाठीवरचं टरेट काढून ती भोकं झाकण्यात आली, माणसंही कमी केली. 14 मार्चला बीलेफेल्डच्या रेल्वेपुलावर पहिला ग्रँड स्लॅम पडला. त्या विमानांच्या शेपटीवरचं टरेट तेव्हाही तसंच होतं.